दगड झालेलं सामान

राहात्याच्या बेकरीत मी काय काम करायचे, हे सांगायला मला नेहमी दोन वाक्यं जास्त लागतात. मैदा मळणारे कारागीर वेगळे, भट्टीवाले वेगळे, गल्ल्यावर बसणारे वेगळे. मी कोठीत असायचे. कोठी म्हणजे सामानाची खोली. मैदा, साखर, वनस्पती तूप, दूध पावडर, बेदाणे, टुटीफ्रुटी सगळं माझ्या ताब्यात. त्यातलं जे वाळलं, आकसलं, गोठून दगड झालं, ते पुन्हा वापरण्याजोगं करणं हे माझं खरं काम. त्याला नाव नव्हतं. आमचे मालक, त्यांना सगळे चाचा म्हणत, ते नुसतं म्हणायचे, "शकुंतलाबाईंकडे द्या, त्या बघतील." मग मी बघायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कडक झालं म्हणजे कडक झालं. तसं नसतं. साधी साखर ओल लागली की कडक होते. पावसाळ्यात दाणा बाहेरून जरासा विरघळतो, मग ऊन पडलं की शेजारच्या दाण्याला चिकटून वाळतो, आणि पोत्याची शिळा होते. केकची तांबूस साखर मात्र उलट. तिच्या अंगात मुळात ओल असते, ती उडून गेली की ती दगड होते. म्हणून एकीला ऊब द्यायची आणि दुसरीला पाणी दाखवायचं. दाखवायचं म्हणजे ओतायचं नाही. डब्यात साखरेच्या शेजारी ओलसर पावाचा तुकडा ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि डब्याला हात लावायचा नाही. उपाय उलटा केला तर उरलंसुरलंही जातं. घाई केली तरी जातं. माझ्या कामात निम्मं कौशल्य गप्प बसण्याचं होतं.

आणि सगळ्यात आधी वास घ्यायचा. कडक झालेलं मऊ होतं, पण खवट झालेलं परत गोड होत नाही. हे सांगताना गिऱ्हाइकाचं तोंड उतरायचं. दिवाळीत आणि नाताळात लोक घरचं सामान घेऊन यायचे आणि आम्ही नानकटाई, बिस्किटं, केक भाजून द्यायचो. वर्षभर फळीवर पडलेलं सगळं त्या दिवसांत बाहेर निघायचं. एक कांद्याचे व्यापारी बेकिंग पावडरचा गोठलेला डबा घेऊन आले होते. मी चमचाभर गरम पाण्यात टाकून दाखवली. जिवंत असेल तर फसफसते. ही तळाला जाऊन बसली. ते म्हणाले, "तुमचं पाणी जड असेल." डबा घेऊन घरी गेले, घरच्या पाण्यात टाकून बघितली आणि दुसऱ्या दिवशी नवा डबा घेऊन निमूट रांगेत उभे राहिले. 

एकदा दिवाळीच्या तोंडावर कोठीत पाणी शिरलं. साखरेचा खालचा थर भिजला आणि पाणी ओसरल्यावर पोती अशी बसली की हमालांना ती उचलताना भिंत उचलल्यासारखं वाटलं. कारागीर लाकडी मोगरीने फोडायला लागले. मी थांबवलं. ती साखर फोडून उपयोग नव्हता, तिच्यात तागाचे धागे आणि माती गेली होती. स्वच्छ होती तेवढी वरची पोती भट्टीच्या पाठीला लावून उबवली, बाकीची चाचांनी न कुरकुरता फेकून दिली. तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, तुम्ही वाचवता म्हणून नाही ठेवलं तुम्हाला. काय वाचणार नाही ते सांगता म्हणून ठेवलंय."

चाचा गेले. त्यांच्या मुलांना भट्टीत रस नव्हता आणि त्यात त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. पहाटे उठून राखेत हात घालायचा धंदा कुणाला हवा असतो? भट्टी पाडली. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. बाजाराला जाताना मी पलीकडच्या बाजूने चालते.

बेकरी बंद झाल्यावर वैशाली आली.

दुपारची वेळ होती. दारात एक बारीक अंगाची बाई, हातात सुतळीने बांधलेला खोका. म्हणाली, "मावशी, ओळखलं का? मी वैशाली. आईबरोबर नानकटाईचा डबा घेऊन यायचे बेकरीत." मी ओळखलं नव्हतं, तरी ये म्हणाले. तिचं माहेर राहात्यातच, आमच्या घरापासून जवळ. सासर पाथर्डीकडे तिसगावला. तिथून दोन एस.टी. बदलून ती हा खोका घेऊन आली होती.

खोका उघडला तर आत केकचं सामान. तांबूस साखरेच्या पिशव्या विटांसारख्या झालेल्या. बेदाणे इतके वाळलेले की हलवले की खुळखुळ वाजत. टुटीफ्रुटीचा एकच रंगीबेरंगी गठ्ठा. चॉकलेटची लादी वरून पांढरी पडलेली. कोको, यीस्ट, दूध पावडर, बेकिंग पावडर. आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फॉन्डंट, म्हणजे केकवर लाटून चढवतात तो साखरेचा गोळा. तो टेबलावर ठेवला तेव्हा टक् असा आवाज झाला.

"किती दिवस पडून आहे हे?" मी विचारलं.

"आत्याबाई पडल्या तेव्हापासून."

सासूला ती आत्याबाई म्हणत होती. मग तिने सगळं सांगितलं. लग्नानंतर ती मोबाईलवर बघून केक करायला शिकली. नवरा दत्ता, दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, तो हसायचा. सासू हिराबाई अंगठेबहाद्दर, जन्मात केक चाखलेला नाही. पण तिने सुनेचा पहिला, एका बाजूला करपलेला केक खाल्ला आणि कुणाला न विचारता आपल्या शेळ्या विकल्या. त्यातून ओव्हन आला आणि हे सामान आलं. तिसगावच्या बाजारात चार जणींना सांगून आली, "माझ्या सुनंला आर्डर द्या." सामान येऊन आठवडा झाला असेल नसेल, हिराबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

"वाचा गेली म्हणजे एक शब्द राहिला," वैशाली म्हणाली. "न्हाई. तेवढाच. भूक लागली तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई. पाणी दिलं की पिऊन झाल्यावर माझ्या डोक्यावरनं हात फिरवून म्हणतात, न्हाई. डॉक्टर म्हणाले, डोक्यात बरोबर असतं, तोंडातनं तेवढंच निघतं. आता कुठलं न्हाई कशाचं हे मला कळतं. पण एक कळत न्हाई."

हे सामान वरच्या फळीवर होतं. हिराबाई खाटेवरून डाव्या हाताने त्या खोक्याकडे दाखवायच्या आणि न्हाई, न्हाई म्हणून रडायच्या. दत्ता म्हणायचा, टाकून दे म्हणतीय, कशाला ठेवलंय डोळ्यासमोर. वैशालीला ते पटत नव्हतं. पण तिच्याकडेही दुसरा अर्थ नव्हता.

"मग तू काय करणार?"

"याच सामानाचा केक करणार. त्यांना भरवणार. मग बघू काय म्हणतात."

मी म्हणाले, "अगं, नवीन सामान घेऊन केलास तरी केकच की."

"नवीन सामान त्यांनी न्हाई आणलेलं," ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि एकेक वस्तू नाकाशी नेली.

दूध पावडर पिवळी पडली होती, जुन्या तेलासारखा वास येत होता. ती बाजूला काढली. वैशालीचा हात पुढे आला. "ती चाळून घेतली तर?" मी नाही म्हणाले. आजारी माणसाच्या पोटात घालायचंय. बेकिंग पावडर तळाला बसली. यीस्ट कोमट साखरपाण्यात टाकून आम्ही दोघी वाटीकडे बघत बसलो. फेस आला की जिवंत, नाहीतर नाही. वाटी तशीच राहिली. तसं या केकला यीस्ट लागतच नव्हतं, पण वैशालीने ती वाटी उचलू दिली नाही. "थोडा वेळ अजून," म्हणाली. मी चहा केला, पाजला, मग वाटी मोरीत ओतली. तेव्हा ती रडली. एवढं सगळं सांगताना रडली नव्हती.

उरलेलं वाचण्यासारखं होतं. तांबूस साखरेच्या डब्यात पावाचा ओलसर तुकडा ठेवला. टुटीफ्रुटी हलक्या पाकात गरम करून सोडवली. चॉकलेट पांढरं पडलं तरी बिघडत नाही, आतलं लोणी वर येतं एवढंच. वितळवलं की काळं होतं. फॉन्डंटशी मात्र झगडावं लागलं. वाफेवर धरून कडा मऊ करायच्या, हाताला तूप लावून तेवढ्याच मळायच्या, पुन्हा वाफ, पुन्हा मळणं. त्यात जरासं ग्लिसरीन. वैशालीचे हात माझ्यापेक्षा जोरकस होते. खाटेवरच्या माणसाला रोज उचलून बसवणारे हात. मळता मळता गोळा एकदम तुकडे तुकडे झाला तेव्हा ती घाबरली. मी म्हणाले, "आता सुटलाय. मऊ होण्याआधी असाच फुटतो." ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवला. सकाळी त्याला बोट लावलं तर खळी पडली. वैशालीने मला न विचारता एक चिमूट तोंडात टाकली.

बेदाण्यांवरून आमचं वाजलं. मी ते गरम चहात भिजवून टम्म फुगवले होते. नाताळच्या केकचे बेदाणे मी असेच करायचे आणि त्यांची ख्याती होती. वैशाली म्हणाली, "मावशी, हे वाटायला लागतील."

"वाटायचे? एवढे फुगवलेले?"

"त्यांना गिळता येत न्हाई. एक बेदाणा घशात अडकला तरी जीव जाईल."

बेदाणे वाटले, वाटून चाळणीतून गाळले, आणि चाळणीवर राहिलेली सालं आम्ही दोघींनी खाल्ली. आयुष्यभर कडक वस्तू मऊ केल्या, पण मऊ म्हणजे किती मऊ हे मला त्या दिवशी कळलं.

केक तिला तिसगावलाच भाजायचा होता, हिराबाईंच्या समोर, त्यांच्याच ओव्हनमध्ये. बाहेरून आणलेला केक त्यांना ओळखू येणार नाही म्हणाली. तो ओव्हन इतके दिवस बंद होता, म्हणून तिने मला बरोबर चल म्हटलं. मला आता कुठे कामाला जायचं होतं? गेले.

नगरला एस.टी. बदलली आणि तिसगावला उतरलो. घर दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीत खिडकीशी खाट आणि खाटेवर हिराबाई. वैशालीच्या जाऊबाई त्यांच्यापाशी बसल्या होत्या, आम्हाला बघून सुटल्यासारख्या उठल्या. दुखण्याने माणूस इतकं लहान होतं हे मला माहीत नव्हतं. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई." वैशाली म्हणाली, "बसा म्हणत्यात."

ओव्हन पुसला, रिकामाच तापवून बघितला. थोडा जळका वास आला आणि गेला. आम्ही खाटेसमोर जमिनीवर बसून पीठ कालवलं. मैदा, दूध, लोणी ताजं घेतलं होतं, बेकिंग पावडरही. बाकी सगळं त्या खोक्यातलं. वैशाली प्रत्येक वस्तू भांड्यात टाकण्याआधी सासूसमोर धरत होती. "ही साखर, आत्याबाई. बगा, मोकळी झाली." त्या बघत होत्या. दत्ता दारात आला, पायातली चप्पल न काढता उभा राहिला. म्हणाला, "तिला कशाला तरास देता? आन् तुमी कशाला एवढ्या लांब आल्या, मावशी?" आईकडे त्याने बघितलं नाही. हिराबाईंनी त्याच्या आवाजाकडे मान वळवली आणि "न्हाई" म्हणाल्या. तो लगेच निघून गेला.

केक फुगला. मधोमध जरासा बसला, पण फुगला. वर फॉन्डंटची पातळ पोळी घातली, ती हिराबाईंना नुसती बघायला. भरवायला वैशालीने केकचा आतला भाग घेतला, कोमट दुधात कालवून लापशीसारखा केला. त्यांना उशा लावून ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली धरली आणि लहान चमच्याचं टोक ओठांना लावलं.

पहिला घास तोंडात बराच वेळ राहिला. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळा हलला. खोकला आला नाही.

हिराबाई म्हणाल्या, "न्हाई."

आणि तोंड उघडलं.

वैशालीने दुसरा चमचा दिला. तिसरा देताना हिराबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं आणि चमचा तिच्याच तोंडाकडे वळवला. तिला खायला लावलं. मग माझ्याकडे बोट केलं, मलाही खायला लावलं. मग ओव्हनकडे बोट केलं, वैशालीकडे केलं, पुन्हा ओव्हनकडे. "न्हाई, न्हाई, न्हाई." या वेळी त्या रडत नव्हत्या, रागावल्या होत्या. लेकीला अभ्यासाला बसवताना आई रागावते तशा.

वैशाली म्हणाली, "करीन, आत्याबाई. करीन."

मी संध्याकाळच्या गाडीने निघाले.

पुढचं चांगलं सांगावं असं माझ्या मनात होतं. पण तसं झालं नाही. वैशालीने दोन-तीन केक केले, शेजारपाजारी दिले. मग हिराबाईंना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. मला फोन आला तो दहावा उरकल्यावर. त्यानंतर तिने ओव्हन लावला नाही. फोनवर विचारलं की म्हणायची, बघू. मी नाव काढणं सोडून दिलं.

त्या दिवाळीला मी घरी नानकटाई केली. गेलेल्या माणसाच्या घरात त्या वर्षी फराळ करत नाहीत, तो बाहेरून यावा लागतो. डबा घेऊन तिसगावला गेले. खाट नव्हती. तिच्या जागी जमीन सारवली होती, आणि भिंतीवर हिराबाईंचा फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा केलेला. वैशालीने डब्यातली नानकटाई ताटलीत काढून फोटोपुढे ठेवली आणि चहा करायला आत गेली.

दत्ता उंबऱ्यात बसला होता. मी डबा त्याच्यापुढे धरला. त्याने एक उचलली, पण खाल्ली नाही. हातात धरून बसला. नानकटाई अशी धरली की विरघळायला लागते.

"मावशी," तो म्हणाला, "आईनं हिच्यासाठी शेळ्या विकल्या. मी सोताच्या टेम्पोसाठी मागितल्या तवा दिल्या न्हाईत."

मी म्हणाले, "असेल काही तिच्या मनात."

"त्याचं काय न्हाई. पन मी कामावरनं यायचो, तिच्यापाशी बसाया जायचो, तर ती म्हणायची, न्हाई. रोज. मी आत पाय टाकला की न्हाई. डॉक्टरनं सांगितलं हुतं, तरी मला वाटायचं, मलाच न्हाई म्हणती. अजून राग हाय तिचा. मग मी जानंच सोडलं. दारातनंच बगून जायचो." त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. "तुमच्याम्होरं केक खाल्ला त्या दिवशी तिनं न्हाई म्हणून तोंड उघडलं, व्हय? वैशालीनं सांगितलं मला. पन कवा सांगितलं? ती गेल्यावर."

आत भांड्याचा आवाज थांबला होता. वैशाली ऐकत होती.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तिला सगळं कळत होतं, तू दारात यायचास तेव्हा ती तुलाच बोलवत होती, असं म्हणावंसं वाटलं. पण मी त्या घरात एकच दिवस होते. ते मला खात्रीने कुठून माहीत असणार? मी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला तेव्हा त्याच्या तोंडातून आवाज आला नाही, नुसती पाठ हलत राहिली. वैशाली चहाचे कप तसेच हातात घेऊन दारात उभी राहिली. मग तिने ते खाली ठेवले, त्याच्या शेजारी उंबऱ्यावर जागा करून बसली आणि म्हणाली, "मी तुमाला आधी सांगायला पायजे हुतं."

"तुला तरी कुठं येळ हुता," दत्ता म्हणाला.

माझी गाडी यायला अवकाश होता. पण मी पिशवी उचलली आणि थांब्यावर जाऊन बसले.